मनगट, बोटं, अंगठा: हाताच्या दुखण्याचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
काल माळा आवरताना आईचा मनगटाचा जुना पट्टा सापडला, आतली पट्टी गंजलेली. आम्ही तासगावकडचे. द्राक्षाच्या विरळणीला आई दिवसभर मांडवाखाली हात वर करून कात्री चालवायची, घरी आलं की भाकऱ्या. रात्री मध्येच उठून हात झटकत बसायची. सगळे म्हणायचे वारं धरलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, तर करंगळीला मुंग्या येतात का? नाही म्हटल्यावर म्हणाले, कार्पल टनेल. मनगटात दबणारी नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला जाते. करंगळीची नस वेगळी. रात्री पट्टा बांधून मनगट सरळ ठेवायचं. त्यावर बरीच वर्षं निघाली, मग ऑपरेशन. तुमच्याकडं कुणाला काय झालंय?

वाईची लेक
बाळंतपणानंतर अंगठ्याच्या मुळाशी!! बाळाला उचललं की डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडं वाकवायला सांगितलं, मी ओरडलेच. डी क्वेर्वेन म्हणतात. अंगठ्यासकट पट्टा दिला आणि बाळाला काखेत अंगठे फाकवून न धरता खालून तळव्यावर घ्यायला शिकवलं. थांबा, कुकर झाला, येते

लेथवाला काका
माझी अनामिका. सकाळी मिटलेली, दुसऱ्या हातानं सरळ केली की टक्क. ट्रिगर फिंगर. शुगरवाल्यांना जास्त होतं म्हणे, आणि आपण तर त्यातले जुने सभासद. इंजेक्शननं मोकळं झालं, पण नंतर काही दिवस शुगर चढली. स्टिरॉइड असतं त्यात, मीटर जवळ ठेवा. पुढं परत अडकलं तेव्हा तेवढीच जागा बधिर करून छोटी चीर दिली, त्याच दिवशी घरी.

पाटणचा पावसाळा
काका, बोट वाकडं असताना तूप चांगलं निघत असंल की 😄

लेथवाला काका
शुगर आहे रे बाबा, तूप कुठलं

माणदेशी
आमची आत्ती अंगणात शेवाळावर घसरली, हात टेकला, मनगट मोडलं. दवाखान्याआधी हाडं बसवणाऱ्याकडं नेली. त्यानं पट्टी अशी आवळली की संध्याकाळपर्यंत बोटं सुजून निळी. पट्टी कुणीही बांधू द्या, पण बोटं गार पडली, बधिर झाली, रंग बदलला तर सकाळची वाट बघू नका, तिथल्या तिथं सोडवा. प्लास्टरमध्ये बोटं हलवत राहायचं, आत्ती भीतीनं हलवत नव्हती. प्लास्टर निघाल्यावर मूठ वळंना. मूठ वळवण्यातच जास्त दिवस गेले.

शाहूपुरी
मनगटावर गोटीएवढी गाठ होती. आजोबा जाड पुस्तक घेऊन मागं लागलेले, एक फटका आणि विषय संपला म्हणायचे. पळालो. डॉक्टर म्हणाले दुखत नसेल तर राहू दे, बऱ्याच आपोआप जिरतात, सुईनं पाणी काढलं तरी परत भरू शकते. माझी कधी गेली कळलंही नाही. आजोबा श्रेय पुस्तकाच्या धाकाला देतात.

हळदीचं गाव
मुंग्या मलाही येतात, थायरॉईड आहे. दिवसापण पट्टा घालू का?

कृष्णाकाठ
ताई, थायरॉईडचा याच्याशी संबंध असतो, त्यामुळं त्या डॉक्टरांनाही सांगा. आईला रात्रीच सांगितला होता. आणि अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग दुसऱ्या हाताशी ताडून बघा. तो बसला असेल, किंवा हातातनं कप निसटत असेल, तर पट्ट्यावर दिवस काढू नका. नसांची करंट लावून तपासणी असते, ती करून घ्या. आईनं लोणच्याची बरणी सोडली तेव्हा आम्ही हललो.

वाईची लेक
आले. आता भाकरीची मशीन घेतलीय, मनगटाला आराम. पण पापुद्रा काही सुटत नाही

माणदेशी
मशीनला काय बोल लावता, ज्वारीचं पीठ जुनं असंल. आधणाचं पाणी घाला

वाईची लेक
पीठ परवाच दळलंय हो!

पाटणचा पावसाळा
मग गिरणीवाला बदला