घडवला आम्ही, नेला दुसऱ्या कॉलेजनं. अमेरिकेतल्या फुटबॉलात यावर काय करतात?

काळीमाती_दारव्हा:
राजेहो, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी पोट्ट्यांना कबड्डी शिकवतो. मी काही मास्तर नाही, सोयाबीन-कपाशीवाला आहे. आमचा एक डावा रेडर सहावीपासून मैदानात. बोनस मारताना त्याचा मागचा पाय टेकायचा, मग कुठला गुण? मी त्याच्या मागं चुलीतली राख पसरायचो. पाय टेकला की ठसा दिसे, पुन्हा चढाई. असं करत करत पाय हवेत राहू लागला.

तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी टीम त्याच्यावरच उभी होती. यंदा शहरातल्या एका कॉलेजनं फी माफ, होस्टेल, मेस, बूट देऊन नेला. आता इंटर-कॉलेजला आमच्याच विरुद्ध उतरन. सांगायलाही आला नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'लेफ्ट' दिसलं तेव्हा समजलं.

भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणते, तिथं कॉलेज फुटबॉलात पोट्टे दरसाल कॉलेज बदलतात. मग तिथल्यांनी काही तोड काढली का? कोणाला ठावं असल तर सांगा.

वाशिमकर_पुण्यात:
तोड कसली, दारच उघडलं. (ते फुटबॉल म्हणजे लांबुळक्या चेंडूचं, हेल्मेटवालं बरं का.) पूर्वी कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. त्यात नाव टाकलं की बाकी कॉलेजं थेट बोलणी करतात. २०२१ पासून एकदा बदलायला बसणं नाही, २०२४ पासून अभ्यास नीट असला तर कितीदाही बदला. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तर कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तुमच्या पोराला मेसचा डबाच मिळाला म्हणायचा.

बाकावरचा_कव्हर:
पोट्ट्यावर चिडायच्या आधी कोच लोक पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचा कोच लिंकन रायली टीमचा एक सामना बाकी असताना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला निघून गेला. त्याचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) केलब विल्यम्स पुढच्या फेब्रुवारीत त्याच्यामागं गेला आणि त्याच वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेतली. कोचला कोणी वर्षभर बसवलं नव्हतं. निष्ठेची वर्गणी फक्त पोट्ट्यांकडूनच काढायची का? आपल्याकडं यात्रेच्या खुल्या स्पर्धेत मंडळवाले बाहेरचे तीन रेडर पैसे देऊन आणतात आणि गावचा पोरगा बाकावर. मी बसलो आहे. त्या रात्री निष्ठा कोणाला आठवत नाही.

काळीमाती_दारव्हा:
कोचचं बरोबर बोलले भाऊ. पण ज्यानं घडवलं त्याला तिथं काही भेटते का?

वाशिमकर_पुण्यात:
कॉलेज फुटबॉलात नाही, आधीचं कॉलेज हात चोळत बसते. आपल्या नेहमीच्या, पायानं खेळायच्या फुटबॉलात मात्र फिफाचा नियम आहे: करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटायचे. गावच्या क्लबाचाही हिस्सा निघतो.

काळीमाती_दारव्हा:
हे कामाचं बोलले! इथं पैसेच मोजले नाहीत, तर ५ टक्के कशाचे काढता? मेसच्या वरणाचे?

पोट्टा शनिवारी घरी येऊन राहिला म्हणे. दोन लहाने बोनस शिकून राहिले, त्यांना अर्धा तास दाखवून जा म्हणतो. आणि त्या कॉलेजच्या क्रीडा सरांशी बोलणं करून दे म्हणतो. मॅट बदलली की जुनी कुठं टाकतात ते विचारायचं आहे.