‘की’ म्हणजे पट्टी का? आणि ‘बीट’ म्हणजे ठोका का?

पृच्छा : माझा भाचा ड्रम अँड बेस या जलद लयीच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका एकीतून दुसरीत मिसळून वाजवतो आणि त्याच्या मित्रांसाठी मी या कामाचे एक मराठी टिपण लिहीत आहे. आम्ही ग्वाल्हेरकर घरात मराठी बोलतो, परंतु या विषयाचे शब्द एक तर इंग्रजीतून येतात, नाहीतर हिंदीतून. एका यांत्रिक भाषांतरात ‘की’साठी ‘चावी’ असा शब्द आला, तेव्हा मात्र मी थांबलो. ‘की’, ‘टेम्पो’ आणि ‘बीट’ यांना काय म्हणावे?

उत्तर : ‘चावी’ चूकच आहे, पण माझ्या लहानपणी दाणाओळीतल्या आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता, आणि चावी संपत आली की बुवांची लय मंदावून त्यांचा आवाजही खाली घसरत जाई, तेव्हा आजी आतूनच ओरडे, “अरे, पट्टी उतरली, चावी दे!” आपल्याला हवा असलेला शब्द त्या हाकेतच आहे. तबकडीवर वेग आणि स्वर एकमेकांना बांधलेले असतात. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला की पेटीच्या काळी चारमधले गाणे पांढरी सहामध्ये जाऊन बसते. तुमच्या भाच्याला मिनिटाला १७० बीटचे गाणे १७४ वर आणायचे असेल, तर वाढ जेमतेम २.३५ टक्के होते, आणि स्वर या दोन पट्ट्यांच्या मधोमध, पेटीवर नसलेल्या जागी अडकतो. आजची यंत्रे पट्टी कायम ठेवून केवळ लय चढवू शकतात. म्हणूनच टिपणात ‘पट्टी’ आणि ‘टेम्पो’साठी ‘लय’ हे शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत. ‘गती’ चालेल, पण ‘वेग’ मी तबकडीसाठी राखून ठेवीन.

तथापि ‘की’चा पूर्ण अर्थ एकट्या ‘पट्टी’त मावत नाही. पट्टीने षड्ज कुठे आहे एवढेच कळते. स्वर कोणते, हे थाट सांगतो. मिसळणारे लोक जे कॅमेलॉट चक्र, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या ‘की’ शेजारी मांडणारा आकडे-अक्षरांचा तक्ता, वापरतात, त्यातले ‘८ए’ म्हणजे पांढरी सहाचा आसावरी थाट आणि ‘८बी’ म्हणजे पांढरी एकचा बिलावल थाट. दोहोंत पेटीचे तेच सात पांढरे स्वर वाजतात, फक्त षड्ज हलतो. आपल्याकडे यालाच मूर्च्छना म्हणतात, त्यामुळे तबला-पेटीच्या घरात वाढलेल्या मुलाला हे चक्र समजायला अर्धा तासही लागू नये. ‘८ए’वरून ‘९ए’वर जाणे म्हणजे षड्ज पंचमावर नेणे. त्यात सातांपैकी सहा स्वर तेच राहतात; मूळ षड्जाच्या हिशेबाने कोमल धैवत जाऊन शुद्ध धैवत येतो. म्हणून ‘की’साठी ‘पट्टी व थाट’ अशी जोडी लिहावी, हे माझे मत.

शंका : जोडी पटली. पण ‘बीट’ला मी ‘ठोका’ लिहिले होते. शिवाय १७४ ही द्रुत लय म्हणावी, तर ऐकणारे निम्म्या लयीत डोलतात.

उत्तर : ‘ठोका’ खोडून ‘मात्रा’ लिहा. ठोका ऐकू यावा लागतो, मात्रा मोजली जाते. या संगीतातला सर्वांत परिचित ठेका चार मात्रांचा आहे : पहिलीवर किक (खर्जातला मोठा ड्रम), दुसरीवर स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), तिसरी मात्रा किकविना सोडून अर्ध्या मात्रेनंतर पुन्हा किक, आणि चौथीवर स्नेअर. ठोके मोजणारा त्या तिसऱ्या मात्रेवर हमखास चुकतो. तबल्यात ‘खाली’च्या मात्रेवर बायाँची (डाव्या हाताच्या डग्ग्याची) घुमक नसते म्हणून आपण ती मात्रा गाळतो का?

डोलणाऱ्यांचेही चुकत नाही. ते ८७ ची लय धरतात आणि ड्रम तिच्या दुगुनीत, म्हणजे १७४ ने, वाजतो. ‘दुगुन’ हा शब्द वापरला की ८७ चे संथ गाणे १७४ च्या गाण्याला का जुळते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

‘मिक्स करणे’ला ‘मिश्रण’ नको, ते औषधाच्या बाटलीवर शोभते. ‘मिसळणे’ पुरे. नमुन्यादाखल एक वाक्य देतो : “दुसरे गाणे १७४ च्या लयीत आणून पट्टी कायम ठेवावी, सम समेवर पडली की मिसळायला घ्यावे, आणि दोन्हींचे खर्जातले स्वर एकाच वेळी मोठे ठेवू नयेत.”