ओटावा विद्यापीठात मास्टर्ससाठी जायचे आहे, पण फ्रेंच येत नाही. निभाव लागेल का?

अमळनेरची लेक (प्रश्न)

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावची आहे. घरी आम्ही अहिराणी बोलतो, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि अभियांत्रिकीची पदवी जळगावला इंग्रजीतून घेतली. पहिल्या वर्षी वर्गात इंग्रजीतून शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा जवळजवळ सहा महिने मी फळ्यावरचे नुसते उतरवून घेत होते आणि रात्री खोलीवर बसून त्याचा अर्थ लावत होते. ते दिवस मी विसरलेले नाही, म्हणूनच आज हा प्रश्न विचारते आहे.

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाकडून मला संगणकशास्त्राच्या मास्टर्ससाठी प्रवेशाचे पत्र आले आहे. विद्यापीठाच्या प्रत्येक कागदावर डावीकडे एक भाषा आणि उजवीकडे दुसरी भाषा पाहून वडिलांनी विचारले, "पोरी, पुन्हा पहिलीत बसावे लागणार का?" ज्या सल्लागाराकडून अर्ज भरला, त्याने तर फ्रेंच आल्याशिवाय तिथे पाऊलच ठेवता येणार नाही असे सांगून आपल्याच वर्गाची तीन महिन्यांची फी मागितली. आमचा कापसाचा पैसा आहे आणि शिक्षणासाठी कर्जही काढणार आहोत, त्यामुळे भीतीपोटी एक रुपयाही जाऊ नये असे वाटते. अभ्यासासाठी फ्रेंच खरोखर लागते का, परीक्षा कोणत्या भाषेत द्यावी लागते, आणि दोन भाषांच्या त्या विद्यापीठात रोजचे राहणे कसे असते, हे तिथे राहिलेल्या कोणी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

बोरीकाठचा (पारोळा, सध्या ओटावा)

ताई, सर्वांत आधी वडिलांना सांगा की पहिलीत बसावे लागणार नाही. संगणकशास्त्राचे मास्टर्स इथे संपूर्णपणे इंग्रजीतून करता येते आणि प्रबंधही इंग्रजीत लिहिता येतो. मी इथे चौथ्या वर्षी पीएच.डी. करतो आहे आणि आलो तेव्हा मला फ्रेंचचा एक शब्दही येत नव्हता. उलट एक गोष्ट अशी आहे की जी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. विषय कोणत्याही भाषेतून शिकवला जात असला, तरी गृहपाठ आणि उत्तरपत्रिका इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी आपल्या पसंतीच्या भाषेत लिहिण्याचा हक्क इथे प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. अपवाद फक्त त्या विषयांचा, जिथे भाषा हाच अभ्यासाचा विषय असतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. इथे प्रत्येक विषयाला तीन अक्षरे आणि पुढे चार आकडे असतात. त्या चार आकड्यांतला दुसरा आकडा भाषा सांगतो: १ ते ४ असेल तर इंग्रजी, ५ ते ८ असेल तर फ्रेंच, आणि ९ किंवा ० असेल तर दोन्ही भाषा. मला हे कोणी सांगितले नव्हते. वेळापत्रकात सोयीची वेळ दिसली म्हणून मी दुसऱ्या आकड्याच्या जागी ५ असलेला विषय निवडला. पहिल्या तासाला प्राध्यापक बोलू लागले आणि मी दहा मिनिटे वहीत डोके घालून बसलो. शेजारच्या मुलीने माझ्या कागदावर त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढून दाखवला, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्याच दिवशी कार्यालयात जाऊन मी विषय बदलून घेतला. सुरुवातीच्या दिवसांत विषय बदलता येतात, परंतु ती मुदत संपल्यावर बदलायचे म्हटले तर पैसेही जातात, हे ध्यानात ठेवा.

राहिला प्रश्न वातावरणाचा, आणि त्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. शहराला अजून बायटाउन म्हणत होते त्या काळात, १८४८ मध्ये, बिशप गीग यांनी इथे एक लहान कॉलेज काढले. इंग्रजी बोलणारी आणि फ्रेंच बोलणारी कॅथलिक मुले एकाच छताखाली शिकावीत हा त्यामागचा हेतू होता. १९६५ च्या कायद्याने ते प्रांत सरकारच्या पैशांवर चालणारे विद्यापीठ झाले. आज इथे ४०,००० हून अधिक विद्यार्थी आहेत आणि इंग्रजी-फ्रेंच अशा दोन भाषांतून चालणारे जगातले सर्वांत मोठे विद्यापीठ म्हणून ते ओळखले जाते. मात्र दोन भाषा म्हणजे निम्मे-निम्मे असे समजू नका. फ्रेंचमधून शिकणारे साधारण दहांतले तीन असतील. ग्रंथालयातल्या खिडकीवर, वसतिगृहाच्या कार्यालयात, बसमध्ये "हॅलो, बोंझूर" असे स्वागत होते आणि आपण ज्या भाषेत उत्तर देऊ ती भाषा पुढे चालते. त्यामुळे माझ्यासारखा माणूस चार वर्षे इंग्रजीच्या वाटेने सुखाने जाऊ शकतो, आणि बहुतेक जण तसेच जातात.

पहिल्या वर्षी मीही तसाच गेलो. प्रयोगशाळेत आम्ही चौघे होतो, त्यांतल्या तिघांची मातृभाषा फ्रेंच. मी खोलीत आलो की ते तिघे बोलणे मध्येच तोडून इंग्रजीकडे वळत. मला तो त्यांचा चांगुलपणा वाटे, आणि तो होताही. पण एकदा त्यांतल्या एका मुलीने सांगितले की तिच्या पणजीच्या शाळेत फ्रेंच बोलायला मनाई होती. मी नंतर वाचले तेव्हा कळले की १९१२ साली ओंटारिओ प्रांताने नियम १७ काढला होता आणि पहिल्या दोन इयत्तांनंतर शाळेत फ्रेंचमधून शिकवण्यावर बंधन घातले होते. तो १९२७ मध्ये मागे घेण्यात आला. म्हणून इथल्या फ्रेंच भाषकांना आपली भाषा वर्गात ऐकू येणे ही साधी बाब वाटत नाही. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा त्यांचा झेंडा विद्यापीठात दिसला की मला आता त्यामागचे हे सारे आठवते.

हे ऐकल्यावर मला माझी चौथीची शाळा आठवली. मी उत्तर देताना "शे" म्हणालो की गुरुजी "आहे म्हण" असे बजावत आणि वर्ग हसे. गुरुजींचे वागणे वाईट हेतूचे नव्हते, पण त्यानंतर पाहुण्यांसमोर आई अहिराणीत बोलली की मला संकोच वाटू लागला, आणि त्या संकोचाचे मला आजही वाईट वाटते. चौघांत एकट्या माझ्यासाठी तिघांनी आपली भाषा गिळावी हे मला त्या दिवसानंतर पटेनासे झाले. मी फ्रेंच शिकायला लागलो ते त्यामुळे. विद्यापीठात राजभाषा व द्विभाषिकता संस्था आहे. तिथे दुसरी भाषा म्हणून फ्रेंचचे पायरीपायरीने वर्ग असतात आणि बोलण्याच्या सरावाची सोयही असते. सल्लागाराच्या वर्गाला पैसे देऊ नका.

फ्रेंचच्या बाई (जळगाव)

मी वीस वर्षे जळगावात फ्रेंच शिकवते आहे. वर ज्यांनी लिहिले त्यांच्याशी मी सहमत आहे. भीती दाखवून भाषा विकणे योग्य नाही. तरीही जाण्यापूर्वी थोडी ओळख करून घेतलीत तर चांगलेच, आणि मराठी माणसाला ती वाटते तितकी जड जात नाही. इंग्रजीतून फ्रेंच शिकणारी मुले "टेबल स्त्रीलिंगी कसे?" या प्रश्नावर अडून बसतात. आपल्याला खुर्ची ती आणि पलंग तो हे जन्मापासून ठाऊक असते, आणि आपल्याकडे तर तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोनच. मोठा वाडा, मोठी खोली असे आपण विशेषण बदलतो, तसेच तिथे "ग्रां" आणि "ग्रांद" होते. तू आणि तुम्ही यांतला फरकही समजावून सांगावा लागत नाही. तो तिथे "त्यु" आणि "व्हु" असा आहे. अनुनासिक स्वर आपण "आँ" म्हणताना सहज काढतो. कष्ट पडतात ते लिहिलेल्या पण न उच्चारलेल्या शेवटच्या अक्षरांसाठी आणि क्रियापदांच्या रूपांसाठी.

एक सूचना मात्र करते. आमच्या पाठ्यपुस्तकांतली फ्रेंच फ्रान्सची असते आणि कॅनडात ती वेगळी ऐकू येते. "त्यु" तिथे "त्स्यु" असे ऐकू येते. जेवणांची नावेसुद्धा सरकलेली आहेत: "देझने" म्हणजे पॅरिसमध्ये दुपारचे जेवण, तर क्वेबेकमध्ये सकाळची न्याहारी, क्वेबेकात दुपारचे ते "दिने" आणि रात्रीचे "सुपे". माझी एक विद्यार्थिनी दुपारच्या जेवणाचे निमंत्रण समजून उशिरा पोहोचली तेव्हा यजमानीण भांडी आवरत होती. जळगावची लेवा बोली आणि धुळ्याची अहिराणी यांत जसा फरक जाणवतो, तसाच हा आहे, म्हणून तिकडची फ्रेंच अशुद्ध आहे असे कोणी म्हटले तर ऐकू नका.

पांझराकाठचे काका (धुळे)

माझा मुलगा तिथे शिकला, म्हणून राहण्याविषयी आणि पैशांविषयी लिहितो. विद्यापीठ शहराच्या मध्यभागी, रिडो कालव्याच्या काठी आहे. लागून असलेल्या सँडी हिल भागातली जुनी घरे खोल्या-खोल्यांनी विद्यार्थ्यांना भाड्याने दिली जातात. मुलगा गेला त्या वर्षी एका घरमालकाने त्याच्याकडे तीन महिन्यांचे भाडे आणि मोडतोडीची वेगळी अनामत मागितली, आणि आम्ही इथून घाईघाईने पैसे पाठवले. नंतर समजले की ओंटारिओच्या कायद्यानुसार घरमालकाला मोडतोडीची अनामत घेताच येत नाही. फार तर एका महिन्याचे भाडे आगाऊ घेता येते आणि ते शेवटच्या महिन्यात वळते करावे लागते. हे आधी माहीत असते तर बरे झाले असते, म्हणून इतरांसाठी लिहून ठेवतो.

नदीपलीकडे गॅटिनो हे शहर आहे. भाडे तिथे कमी पडते, पण तो क्वेबेक प्रांत असल्यामुळे दुकानापासून दवाखान्यापर्यंत फ्रेंचचा वापर जास्त आहे, आणि वर्षाच्या ३१ डिसेंबरला आपण जिथे राहतो त्या प्रांताचा प्राप्तिकर लागू होतो. पहिल्या वर्षी तरी अलीकडेच राहावे असे माझे मत आहे. राहण्याच्या खर्चासाठी जी रक्कम दाखवावी लागते, ती १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली आहे, आणि ती शिकवणी शुल्क व प्रवासखर्च सोडून आहे. कर्जाचा आकडा ठरवताना हे धरूनच ठरवा.

फ्रेंचचा उपयोग आहे का, असे विचाराल तर आहे. २०२३ पासून कायम वास्तव्याच्या अर्जांत फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांसाठी ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही कौशल्यांत कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची (एनसीएलसी) सातवी पातळी लागते. तिथवर पोहोचायला माझ्या मुलाला अभ्यास सांभाळून अडीच वर्षे लागली. तीन महिन्यांत हे साधते असे सांगणाऱ्याला आमच्याकडे पाठवा.

आणखी एक. आपली भरताची वांगी तिथे मिळत नाहीत, मोठी काळी मिळतात. ती शेगडीवर भाजायची झाली तर आधी खिडकी उघडायला सांगा, कारण घरे लाकडाची असतात आणि धूर होताच भोंगा वाजून सारे घर बाहेर येते.

अमळनेरची लेक

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत की ते मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्या आकड्याची गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आहे आणि सल्लागाराला नकार कळवला आहे. बोरीकाठच्या भाऊंना एकच विचारायचे आहे. माझ्याही गटात फ्रेंच बोलणारी मुले असली आणि माझ्यामुळे ती इंग्रजीकडे वळू लागली, तर भाषा येत नसताना त्यांना थांबवायचे कसे? आपण काय म्हणालात?

बोरीकाठचा

ताई, मी एकच वाक्य पाठ करून गेलो होतो: "कोंतिन्युए आँ फ्रांसे, झेसै द स्विव्र." म्हणजे, फ्रेंचमध्येच चालू द्या, मी समजून घ्यायचा प्रयत्न करतो आहे. बाईंनी सांगितलेला "आँ" नीट काढा, बाकीचे चुकले तरी चालते. मी ते म्हटले तेव्हा तिघेही क्षणभर गप्प झाले. मग ती मुलगी उठली, फळ्यावर आकृती काढली, आणि आमच्या प्रयोगात काय बिघडले आहे ते फ्रेंचमध्येच, पण सावकाश सांगू लागली. प्रत्येक नवा शब्द ती बाणाने आकृतीतल्या भागाला जोडत होती. दहांतले दोन शब्द मला कळले असतील. त्या रात्री साडेदहाला, म्हणजे तुमच्याकडे सकाळी आठला, मी घरी फोन लावला. आईने नेहमीप्रमाणे "जेवण व्हयनं का?" विचारले, आणि खोलीत दोन मित्र बसलेले असताना मी तिच्याशी अर्धा तास अहिराणीत बोललो.