स्वारगेट-कात्रजआधी वाघोली हवी होती?
काहींचं म्हणणं आहे की पुण्यात मेट्रो स्वारगेटहून कात्रजला नेण्याऐवजी आधी वाघोलीकडे न्यायला हवी होती, कारण तिथे वस्ती झपाट्याने वाढतेय. वाघोलीची गरज खरीच आहे, पण क्रम मला पटत नाही. स्वारगेट-कात्रजच्या सातारा रस्त्यावर प्रवासी आजच आहेत, पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) गच्च भरलेल्या बसमध्ये. शिवाय स्वारगेटला एसटी, पीएमपी आणि मेट्रो एकत्र येतात.

माझा आक्षेप स्थानकांबद्दल होता. स्वारगेट-कात्रजच्या साधारण साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गावर मूळ आराखड्यात मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज ही तीनच! बालाजीनगर आणि बिबवेवाडी नंतर वाढवली, ते फार बरं झालं. भुयारी स्थानक महाग पडतं हे मान्य, पण पायी पोचता येत नसेल तर माणूस दुचाकीच काढतो.