लोडरची मागची चाकं उचलतात, मदत हवी आहे

तातडीचं आहे. बकेट भरून वर घेतली की मागची चाकं जमीन सोडतात. काल डंपरच्या फाळक्यापाशी गाडी अशी डुलली, की ऑपरेटर उतरला तो पुन्हा चढायलाच तयार नाही. मशीन चांगलं आहे, आधीच्या कामावर काही त्रास नव्हता. 'कंपनीला विचारा' सांगू नका.

गिरमिट: कुठली गाडी? मागे खोदायचा हात असलेली बॅकहो की नुसती व्हील लोडर? भरताय काय?

डिझेलराव: मागच्या टायरांत पाणी भरा. मी कायम भरतो, एकदाही चाक उचललं नाही.

गिरमिट: राव, तुमचा ट्रॅक्टर आहे. आधी कारण तर कळू दे.

धागाकर्ता: व्हील लोडर. वाळू.

गिरमिट: ओली की कोरडी? बकेट केवढी? मूळचीच आहे?

निवांत: लोडर विका, एक्सकॅव्हेटर घ्या. जागच्या जागी फिरतो.

डिझेलराव: आणि भरलेली बकेट घेऊन पळणार कोण, तुम्ही?

धागाकर्ता: ओलीच. ३ घनमीटर. आधी कोळशावर होती गाडी, तेव्हा बसवलेली मोठी बकेट. त्याने काय फरक पडतो?

गिरमिट: अहो, हे आधी सांगायचं! सुटा कोळसा घनमीटरला साधारण ०.८५ टन, ओली वाळू १.९च्या आसपास. तीच बकेट, पण अडीच टनांच्या जागी पावणेसहा. व्हील लोडर पूर्ण वळवून जेवढ्या वजनाला कलंडतो, त्याच्या निम्मंच उचलायचं असतं. पूर्ण वळवून, कारण मधल्या सांध्यात गाडी वळली की मागचं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, बाजूला जातं, तरफ आखूड होते. डंपरपाशी तुम्ही वळलेलेच असणार. तूर्त अर्धीच भरा. चालताना बकेट जमिनीपासून हातभर, डंपरपाशी पोचून गाडी सरळ झाली की मगच वर.

डिझेलराव: पाणी भरलं असतं तर एवढं गणित लागलं नसतं.

गिरमिट: चाकं टेकतील हो, पण पुढचा ॲक्सल आणि बूमच्या, म्हणजे बकेट उचलणाऱ्या हाताच्या, पिना? त्यांना पावणेसहा टन पावणेसहाच.

बाराभाई: कुणी सांगेल का, सगळ्या पिवळ्या गाड्यांना जेसीबी का म्हणतात? ते कंपनीचं नाव आहे ना?

धागाकर्ता: @बाराभाई, नवा धागा काढा. अर्धी बकेट म्हणजे फेऱ्या दुप्पट, परवडत नाही.

गिरमिट: मग वाळूची लहान बकेट लावा. कोळशाची जपून ठेवा, लाकडाच्या भुश्याला कामी येईल.

धागाकर्ता: एक जुनी मिळाली. पण पिनांची भोकं जुळत नाहीत. आता?