ताडोब्याचे गाभा क्षेत्र पर्यटकांच्या गाड्यांसाठी बंद करावे का?

रानवाटसरू (ठाणे)

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे आपण ज्याला सर्रास ‘कोअर’ म्हणतो त्या भागात, पर्यटकांच्या गाड्या मुळात असाव्यात का, हा प्रश्न मी चर्चेसाठी मांडत आहे. माझे स्वतःचे उत्तर ‘नसाव्यात’ असे आहे. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर होते. पुढे अंधारी अभयारण्य जोडले गेले आणि आजचे सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र तयार झाले. त्याच्या भोवती जवळपास ११०० चौरस किलोमीटरचे बफर आहे. वाघिणीने निर्धास्तपणे पिल्ले वाढवावीत यासाठी राखलेली जागा ही त्यातली आतली जागा आहे, आणि वर्षातले नऊ महिने, मंगळवारची सुटी सोडली तर रोज सकाळ-दुपार, आपण तिथे जिप्सी (सफारीची उघडी गाडी) घेऊन जातो.

मध्य भारतातल्या एका उद्यानात ऐन मे महिन्यात मी पाहिलेला प्रकार मनातून जात नाही. वाघीण बांबूच्या रांजीतून पाण्याकडे निघाली होती. सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावरचे ओरडणे, ऐकून आलेल्या गाड्यांनी रस्ता दोन्ही बाजूंनी भरून गेला, ती थोडा वेळ थांबली आणि पाणी न पिताच मागे वळली. गाड्यांमधले सगळे जण आनंदात होते, कारण सर्वांना ‘साइटिंग’ मिळाले होते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्ले गाड्यांच्या मध्ये अडकली, त्याची चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. डोळ्यांना न दिसणारा परिणामही मोजला गेला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेतील ताणसंप्रेरके तपासली, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार पर्यटनाच्या काळात ती वाढलेली आढळली. पर्यटन बफरमध्ये न्यावे आणि गाभा केवळ वाघांसाठी व वनरक्षकांसाठी ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

मोहर्लीकर

मी मोहर्ली गेटच्या परिसरात राहतो आणि माझ्या घरातील दोघे गाईड म्हणून काम करतात, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती आहे असा दावा मी करणार नाही. परंतु ज्यांच्या पोटाचा हा प्रश्न आहे त्यांचे म्हणणे या चर्चेत यायलाच हवे.

२४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम स्थगिती दिली होती. बाहेरच्या लोकांना ती आठवत नसेल, कारण पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा तसाही बंद असतो आणि १६ ऑक्टोबरला न्यायालयाने नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह स्थगिती उठवली. आमच्याकडे मात्र ते तीन महिने लोक धास्तावून बसले होते. गाईडची पाळी क्रमाने लागते. ज्या दिवशी पाळी, त्या दिवशी कमाई. पावसाळ्याचे महिने धानाची रोवणी आणि मजुरी यांवर निघतात, आणि ऑक्टोबरात गेट उघडेल या भरवशावर दुकानातून उधारी मिळते. गेट उघडणारच नसेल तर ती उधारीही मिळत नाही, ही गोष्ट ठाण्यात बसून लक्षात येणे कठीण आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. प्रवेशशुल्काचा पैसा ताडोब्याच्या प्रतिष्ठानाकडे राहतो आणि त्यातून गावांच्या समित्यांमार्फत कामे होतात. गॅसजोडण्या मिळाल्यामुळे सरपणासाठी जंगलात जाणे कमी झाले आहे. आगरझरीला गावकऱ्यांच्या हाती असलेले फुलपाखरू उद्यान आणि नौकाविहार आहे. ज्या गावाची जनावरे वाघ मारतो आणि ज्या गावाची माणसेही मारतो, त्या गावाने वाघ सहन करावा असे वाटत असेल, तर वाघाच्या नावाने येणारा थोडा तरी पैसा त्या गावात पोहोचला पाहिजे. माणूस दगावल्यास शासन २५ लाख रुपये देते. तो पैसा दुःखानंतर येतो. गाईडचे काम हे दुःखाआधीचे आहे.

प्रकाशछाया (पुणे)

मी रानवाटसरू यांच्याशी पूर्णपणे असहमत आहे. वन्यजीव छायाचित्रण हा माझा अनेक वर्षांचा ध्यास आहे आणि माझ्या अनुभवाप्रमाणे जिथे पर्यटक रोज जातात तिथे जंगलाची राखणही होते. जखमी जनावर, फासा, अनोळखी माणूस, वणव्याचा धूर, यातले काहीही दिसले तर तासाभरात गेटवर खबर पोहोचते. ज्या दुर्गम भागांत पर्यटक जवळजवळ पोहोचत नाहीत, तिथे काय घडू शकते हे २०१३ मध्ये मेळघाटात बहेलिया टोळ्यांनी केलेल्या वाघांच्या शिकारीने दाखवून दिले. शिवाय, लोकांनी जे पाहिलेच नाही त्याच्यासाठी लोक उभे राहत नाहीत. ताडोब्याला लागून असलेल्या लोहारा येथील कोळसा खाणीचा प्रस्ताव २००९ मध्ये बारगळला, त्यामागे ताडोब्याला देशभर मिळालेली ओळख होती आणि ती ओळख पर्यटनाने निर्माण केली.

आकड्यांकडेही पाहावे. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजे संख्या २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ अशी वाढत गेली. याच काळात ताडोब्याचे पर्यटनही वाढले. पर्यटन वाघांच्या मुळावर उठले असते, तर हे घडले नसते.

झरपटकाठ (चंद्रपूर)

प्रकाशछाया यांच्या दोन विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

लोहाऱ्याची खाण जिप्सीत बसून आलेल्या लोकांनी थांबवली नाही. चंद्रपुरात इको-प्रो या पर्यावरण संस्थेच्या बंडू धोत्रे यांनी उपोषण केले आणि शहरातील सामान्य माणसे त्यांच्यामागे उभी राहिली; त्यांपैकी कित्येकांनी ताडोब्याची सफारी कधीच केलेली नव्हती, कारण ती त्यांना परवडत नव्हती. औष्णिक वीज केंद्राची राख आणि कोळशाची धूळ श्वासात घेणाऱ्या शहराला शेजारचे जंगल का हवे असते, हे कॅमेऱ्यातून पाहून कळत नाही.

पर्यटकांच्या नजरेमुळे शिकार थांबते हेही पूर्ण खरे नाही. राजस्थानातील सरिस्का हे दिल्लीहून येणाऱ्या पर्यटकांचे ओळखीचे उद्यान होते, तरीही २००५ पर्यंत तिथला शेवटचा वाघ संपलेला होता. मध्य प्रदेशातील पन्ना येथे खजुराहोचे पर्यटक येत होते. २००९ मध्ये तिथेही एकही वाघ उरला नव्हता. पुढे दोन्ही ठिकाणी बाहेरून वाघ आणावे लागले. राखण करतो तो पायी गस्त घालणारा वनरक्षक. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा भागात वाघांच्या गणनेचे काम पायी करत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती वाघीण म्हणजे पर्यटकांची लाडकी ‘माया’. आपल्या छायाचित्रांखाली तिचे नाव असते; त्या वनरक्षकाचे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते?

असे असले तरी मी रानवाटसरू यांच्याही बाजूने नाही, आणि याचे कारण बफर आहे. पर्यटन बफरमध्ये न्यावे असे ते सहजपणे लिहून गेले आहेत, जणू बफर ही मोकळी जागा आहे. बफरमध्ये गावे आहेत, धानाच्या बांध्या (भातखाचरे) आहेत, मोहाची फुले वेचणाऱ्या बायका आहेत, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबे आहेत. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढामाळ गावच्या तीन स्त्रिया तेंदूपत्ता गोळा करताना वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. गाभ्यातून बाहेर पडणारे तरुण वाघ याच पट्ट्यातून ब्रह्मपुरीकडे, गडचिरोलीकडे जातात. त्याच पट्ट्यात आणखी गाड्या, आणखी रिसॉर्ट, कुंपणे आणि रात्रीचे दिवे आणले, तर वाघाला सरकायला वाट उरणार नाही आणि माणसालाही. गाभ्यात निदान संध्याकाळी गेट बंद होते आणि पावसाळ्यात तीन महिने पूर्ण शांतता असते. बफरमधील फेऱ्या पावसाळ्यातही चालू असतात. माझ्या मते आज अधिक ताण बफरवर आहे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही.

आईची_डायरी (डोंबिवली)

आम्ही मुलांसह कोलारा गेटमधून गेलो होतो आणि आम्हाला वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांचा कळप, मोहाच्या झाडावरचे अस्वल आणि ताडोबा तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर दिसली. मुले खूश होती, परंतु परतल्यावर प्रत्येक ओळखीचा माणूस एकच प्रश्न विचारत असे, आणि काही दिवसांनी मुलेही ‘काही दिसलं नाही’ असे सांगू लागली. याचे मला वाईट वाटले. गाभा बंद करावा असे मला वाटत नाही. मुलांनी जंगल पाहिले पाहिजे. मात्र गाईडने वाघामागे धावण्याऐवजी ऐनाचे झाड कसे ओळखायचे, कॉल कुणाचा आहे, हे सांगितले तर आम्हाला ते हवे आहे, हे पालक म्हणून स्पष्टपणे नोंदवते.

तारूचा_पाईक

या चर्चेत अजून एक नाव आलेले नाही. ताडोबा हे नाव तारू या गोंड समाजाच्या देवावरून आले आहे. वाघाशी झुंजताना तारूला मरण आले अशी कथा आहे आणि त्याचे ठाणे तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली आहे. पौष महिन्यात तिथे जत्रा भरत असे. व्याघ्र प्रकल्प झाल्यानंतर आमच्या दर्शनावर निर्बंध आले. बोटेझरी, नवेगाव, जामनी यांसारखी गावे आतून उठवली गेली. आज जामनीच्या मोकळ्या माळावर पर्यटक गवे आणि चितळ पाहतात आणि ते कुरण किती सुंदर आहे असे म्हणतात. ती गावाची शेते होती.

गाभा ‘केवळ वाघांसाठी’ असावा असे रानवाटसरू लिहितात. तो न्याय सर्वांना सारखा लागू होणार असेल तर आम्ही समजून घेऊ. परंतु ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती त्यांनी वाघासाठी बाहेर पडावे आणि ज्यांच्याकडे जिप्सीचे भाडे आहे त्यांनी आत यावे, ही व्यवस्था मला कोणत्याही अंगाने योग्य वाटत नाही. पर्यटन चालू ठेवायचे असेल तर उठवलेल्या गावांतील मुलांना गाईड आणि चालक म्हणून पहिला हक्क मिळावा आणि तारूच्या जत्रेला परवानगीची याचना करावी लागू नये.

रानवाटसरू (ठाणे)

तारूचा_पाईक यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो आणि तो माझ्या भूमिकेला बळच देतो: आत जाण्याचा अधिकार कुणाचा असेलच, तर तो आधी त्यांचा आहे, माझा नव्हे. बफरवरील ताणाचा मुद्दाही गंभीर आहे; तेव्हा पर्यटन बफरमध्ये हलवताना गाड्यांची एकूण संख्याच कमी करावी लागेल, हे मी जोडतो. मोहर्लीकर यांना मी एक विचारू इच्छितो. संपूर्ण बंदी नको असेल, तर निदान एप्रिल ते जून, जेव्हा चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि जनावरांना मोजक्याच पाणवठ्यांचा आधार असतो, तेव्हा पाणवठ्यांकडे जाणारे रस्ते बंद ठेवता येतील का?

मोहर्लीकर

तेच महिने आमच्या कमाईचे आहेत. शाळांना सुट्या असतात, पाण्यावर वाघ दिसतो, म्हणून लोक येतात. ते रस्ते सरसकट बंद केले तर गाभा बंद केल्यासारखेच होईल.

मात्र याच्याही आधी करता येण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या मी गाईडांच्या घरातला माणूस म्हणून सांगतो. दिवसभराची जी खास सफारी मोठे शुल्क घेऊन दिली जाते, तिच्यातील गाडी दुपारच्या निवांत वेळीही पाणवठ्यावर उभी असते. इतर सर्व गाड्या बाहेर गेल्यावर जे काही तास जनावरांना मिळायचे तेही त्यामुळे हिरावले जातात. उन्हाळ्यापुरती तरी ती सफारी बंद करावी. दुसरे असे की गाईडची आशा ठरलेल्या रकमेपेक्षा बक्षिसावर असते आणि बक्षीस वाघ दिसण्यावर, आणि गाडीतला पाहुणा ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणत असताना नाही म्हणणे त्याला जड जाते. उमरेडच्या घटनेत निलंबन गाईड आणि चालकांचे झाले. गाडीत बसून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना काय झाले? गाईडचे मानधन वाढवावे, बक्षीस बंद करावे, आणि नियम मोडायला लावणाऱ्या पर्यटकाचे नाव नोंदवून त्याला पुन्हा आरक्षण देऊ नये.

प्रकाशछाया (पुणे)

नियम मोडणाऱ्या पर्यटकाला आरक्षण नाकारण्यास माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्या वनरक्षकाविषयी झरपटकाठ यांनी जे लिहिले तेही योग्यच आहे. दिवसभराच्या सफारीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. एकच गाडी, इंजिन बंद करून, एका जागी तासन्‌तास उभी असते तेव्हा जनावर तिच्याकडे दुर्लक्ष करून पाण्यावर येते, हे मी वारंवार पाहिले आहे. त्रास होतो तो सकाळच्या फेरीत एकापाठोपाठ धावणाऱ्या गाड्यांचा.

झरपटकाठ (चंद्रपूर)

जे जनावर आपल्या डोळ्यांदेखत पाण्यावर आले ते आपण पाहिले. जे गाडीच्या वासाने झाडीतच थांबले, ते आपल्याला दिसणार नव्हते. पाणवठ्यांवर कॅमेरा ट्रॅप (जनावर समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) लावलेले असतात. दिवसभर गाडी उभी असलेला दिवस आणि नसलेला दिवस यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात आणि मगच ही सफारी पुढे चालू ठेवण्याचा निर्णय घ्यावा, अशी माझी मागणी आहे. मोहर्लीकर, आपल्या गावच्या समितीने असा ठराव केला तर चंद्रपुरातून आम्ही काही जण त्याचा पाठपुरावा करायला तयार आहोत.