सेन्सर बसवले, आलेख वाचणार कोण?
यंत्रांची कंपनं मोजून बिघाड आधीच ओळखायच्या कामात ‘सेन्सर आणि सॉफ्टवेअर चांगलं असलं की ट्रेनिंगची फारशी गरज नाही’ असं मत मांडलं जातं, ते मला अजिबात पटलं नाही. १५०० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्यांनी फिरणाऱ्या यंत्राची कंपनं २५ हर्ट्झला (फेरीमागे एकदा) वाढली तर पहिला संशय असंतुलनाचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असण्याचा; ५० हर्ट्झला (फेरीमागे दोनदा) वाढली तर बहुधा अलाइनमेंटचा, म्हणजे जोडलेले शाफ्ट एका रेषेत नसण्याचा. हे ठाऊक नसलेला माणूस अलार्म वाजला की बेअरिंग बदलून मोकळा होतो आणि कंपनं तशीच राहतात. सेन्सर यंत्राच्या पातळ पत्र्याच्या गार्डवर (संरक्षक झाकणावर) चिकटवला तर आकडेच फसवे येतात, ते वेगळंच. आयएसओ १८४३६-२ या आंतरराष्ट्रीय मानकात कंपन-विश्लेषकांच्या चार श्रेणी उगाच नाहीत. पण माझा जास्त आग्रह ऑपरेटरसाठी आहे. मशीनचा बदललेला आवाज, कपलिंगखाली (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाखाली) साचलेली रबराची भुकटी आधी त्यालाच दिसते. ते कुठे आणि कसं नोंदवायचं, एवढं तरी त्याला शिकवाच.